बाबांची वाटणी

३ मार्च, सोमवार

या जगात न्याय उरलेला नाही, हे मी आज पूर्ण शुद्धीत आणि एका पांढऱ्या झाकणाच्या साक्षीने नमूद करते. बाबांच्या खाजेच्या नव्या गोळ्या ज्या बाटलीत येतात, तिच्या झाकणावर लिहिलं आहे, ‘दाबा आणि फिरवा’. मी दाबलं. मी फिरवलं. आधी फिरवून मग दाबलं. झाकण कटकट करत जागच्या जागी गरगरत राहिलं, आमच्या कचेरीतल्या साहेबांसारखं. आवाज भरपूर, काम शून्य. म्हणे लहान मुलांच्या हाती औषध लागू नये म्हणून ही सोय. आमच्या घरातलं सर्वांत लहान मूल मी आहे आणि मला बावन्नावं लागलंय.

शेवटी खालच्या मजल्यावर पक्कड मागायला गेले. खालच्या काकूंना मी मनातल्या मनात पहारेकरीण म्हणते. जिन्यावरून मांजर गेलं तरी त्यांचं दार किलकिलं होतं. त्या दारावरची पाटी बाबांनीच कधीकाळी रंगवलेली. एका बाजूचा नट सैल झाल्यामुळे ती कित्येक महिने तिरकी लोंबते आहे. साऱ्या इमारतीवर नजर ठेवणाऱ्या बाईला आपल्या दारावरची पाटी तेवढी दिसत नाही.

“पक्कड? नळ गळतोय का?”

“नाही. बाबांच्या गोळ्यांची बाटली उघडत नाही.”

“अगंबाई, आणखी एक गोळी? आधीच मूठभर घेतात ना गं?”

“काकू, मी पक्कड मागायला आलेय.” म्हणजे सल्ला मागायला नव्हे, हे उरलेलं वाक्य मी डोळ्यांनी पूर्ण केलं.

त्यांना काय सांगायचं की आमच्याकडे या बाबतीत किती शिस्त आहे! आई गेल्यावर बाबांना कोणी कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं यावरून आम्हा तिघा भावंडांत एवढी जुंपली, की शेवटी दादानं तह केला. बाबांची रीतसर वाटणी झाली. छाती आणि रक्तदाब दादाकडे. पोटाखालचा सगळा मुलूख ताईकडे. कातडी, डोळे, दात असं किरकोळ बाहेरचं काम माझ्याकडे, कारण मी त्यांच्याच घरात राहते आणि धाकटीच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच येतं. ज्याचा भाग त्याचा डॉक्टर आणि ज्याचा डॉक्टर त्याचा डबा. दादाचा निळा डबा, ताईचा गोल डबा आणि माझी ही बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर शेजारी शेजारी असतात. दादा आणि ताई आपापले डबे भरून जातात, मी वेळच्या वेळी हातावर ठेवते. दुसऱ्याच्या हद्दीत नाक खुपसायचं नाही, हे तहातलं पहिलं कलम.

पक्कडीनं झाकण निघालं. बाबांनी गोळी घेतली आणि कितीतरी दिवसांनी न खाजवता झोपले. माझा भाग सुरळीत चालू आहे, एवढंच मी म्हणेन.

८ मार्च, शनिवार

खाज गेली. तिघांच्या गटावर मी तसं कळवलं. दादानं अंगठा पाठवला, ताईनं तेही नाही. ताईचा फोन मात्र आला, तो बाबांच्या लघवीबद्दल.

“अजून तेवढ्याच वेळा उठतात का गं?”

“हो.”

“म्हणजे गोळी पुरत नाहीये. मी विचारते डॉक्टरांना वाढवायचं का ते.”

“अगं, ते सारखं पाणी पितात. तोंड कोरडं पडतं म्हणतात.”

“तोंड तुझ्याकडे आहे,” ताई म्हणाली.

बरोबर होतं तिचं. दात माझ्याकडे म्हणजे तोंड ओघानं आलंच. मी लिंबाच्या चघळायच्या गोळ्या आणून दिल्या.

पायांचा प्रश्न तर दोन महिने अनिर्णित होता. बाबांचे पाय सुजायला लागले तेव्हा दादा म्हणाला, पाय पोटाच्या खाली, सबब ताईचे. ताई म्हणाली, सूज दिसते कातडीवर, सबब धाकटीची. शेवटी दादाच्याच डॉक्टरनं पाण्याची गोळी लिहून दिली आणि पाय दादाच्या नावावर चढले. सूज उतरली, हे खरं. तेव्हापासून बाबांचं निम्मं आयुष्य संडासाच्या वाटेवर जातं, पण ती ताईची हद्द.

१३ मार्च, गुरुवार

माझी नोकरी बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत आहे. लोक दातांची कवळी सीटवर ठेवून निघून जातात आणि महिनाभर विचारायला येत नाहीत; छत्रीसाठी मात्र ओरडत येतात. आज एका गृहस्थानं हरवलेल्या टोपीचं वर्णन ‘माझ्या मापाची’ असं केलं. फळीवरच्या सगळ्या टोप्या घालून पाहिल्या, एकीत मावला आणि ती दुसऱ्याची निघाली. अशी डोकेफोड करून घरी आले तर बाबा पाटीसमोर बसलेले.

बाबांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आमच्या रस्त्यावर मान वर करून चालणाऱ्या माणसाला बाबांचंच अक्षर वाचत जावं लागतं. आता फक्त ओळखीच्यांचं काम घेतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं नवी पाटी सांगितली आहे, आणि बाबा तिच्यासाठी एवढे उत्सुक होते की महिनाभर आधीच फळीला रंगाचं अस्तर देऊन ठेवलं होतं.

आज पाहिलं तर ओळ उतारावरून निघाल्यासारखी खाली घसरत गेलेली. शेवटची दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर.

“बाबा, हे काय?”

“अक्षरं पोहतायत गं, धाकटे. एक धरावं तर दुसरं सुटतं.”

डोळे माझ्याकडे. शनिवारी चष्मेवाल्याकडे नेते. नंबर बदलला असणार.

जिन्यात पहारेकरणीनं गाठलं. “बाबा हल्ली असे गुंगीत का असतात गं? परवा जिन्यावर भेटले, मला ओळखलंच नाही. मागच्या महिन्यापर्यंत तर माझ्या पाटीवरून मलाच ओरडत होते.”

“वय झालंय, काकू.”

“वय काय एका महिन्यात होतं?”

त्यांची पक्कड अजून माझ्याकडेच आहे, आणि ती परत न करण्याची इच्छा दिवसेंदिवस बळावते आहे.

१६ मार्च, रविवार

चष्मेवाला म्हणाला, नंबर तोच आहे. नवी चौकट मात्र त्यानं विकलीच.

आज सकाळी बाबांनी कोट अडकवायच्या खुंटाळ्याला बसायला सांगितलं. “उभे का? बसा ना,” म्हणाले. मी हसले. मग त्यांनी मला विचारलं, “पाहुण्यांना चहा नाही का करणार?” आणि मग माझं हसू आटलं.

मी चहा केला. दोन कप. दुसऱ्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून मीच प्यायले.

दुपारी दादा, वहिनी आणि ताई आले. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. हल्ली बसल्या बसल्या झोपतात. दादानं बैठकीचा सूर लावला. “हे बघा, आता डोक्याचा प्रश्न उपस्थित झाला आहे.”

“डोकं कुणाकडे?” ताईनं विचारलं.

वाटणीत डोकं राहूनच गेलं होतं! तेव्हा बाबांचं डोकं आम्हा तिघांपेक्षा धड चालत होतं, त्यामुळे ते कुणी मागितलंच नाही. मधेच वहिनी म्हणाली, “पोट साफ होत नाही त्यांचं, ते मी बघतेय हं, गोळी सुरू केलीय.” म्हणजे मुलूख आता सुनेपर्यंत गेला. शेवटी डोकं सामाईक ठरलं. बुधवारी सगळ्यांनी मिळून डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं.

जाताना दादा दारात हळूच म्हणाला, “मी एक-दोन ठिकाणं बघून ठेवतो. जिथं चोवीस तास माणसं असतात तशी.” ताई पायातल्या चपलेकडे बघत राहिली. खरं लिहायचं तर क्षणभर मला हायसं वाटलं. ते लिहून मग खोडलं, मग परत लिहिलं.

१९ मार्च, बुधवार

डोक्याच्या डॉक्टरांनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं. ज्या माणसानं घड्याळजीच्या दुकानाची पाटी काट्यांसकट रंगवली, त्यानं सगळे आकडे एका बाजूला गोळा केले आणि उरलेली जागा रिकामी ठेवली. आमच्यापैकी कोणी कुणाकडे पाहिलं नाही.

“इतर औषधं काय चालू आहेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“बीपीची,” दादा म्हणाला.

ताईचं तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर रिक्षात म्हणाली, बाबांसमोर लघवीचा विषय कसा काढायचा परक्या माणसापुढे? मला तर वाटलंही नाही. डोक्याच्या डॉक्टरला खाजेत काय रस असणार? तो मोठा माणूस. त्याच्यापुढे कातडीचं काढणं म्हणजे वास्तुविशारदापुढे पायपुसण्याची तक्रार नेण्यासारखं.

आठवणीची गोळी लिहून मिळाली. तिला मी चौथा डबा दिला, पिवळा. फळी आता चांगली भरलेली दिसते.

२४ मार्च, सोमवार

नव्या गोळीनं आठवण वाढली की नाही कोण जाणे, लघवी नक्की वाढली. दोनदा वाटेतच झाली. बाबांनी ती लाज कुणाला न सांगता स्वतःच पुसून काढली आणि फडक्याऐवजी माझा ऑफिसचा कुर्ता वापरला. मी ओरडले. ओरडायला नको होतं. ताईला कळवलं, तिच्या डॉक्टरांनी फोनवरच तिची गोळी एकाची दोन केली. आता बाबा दिवसभर उन्हात ठेवलेल्या चिकटपट्टीसारखे. जीभ टाळूला चिकटलेली, शब्द अर्धेच सुटतात.

आणि आज तर कहर झाला. कचेरीत फोन आला. पहारेकरीण! बाबा घरातल्या सपाता घालून बाहेर पडले होते. न्हाव्याच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसले आणि ‘माझं दुकान कधी उघडणार’ म्हणून विचारत राहिले. काकूंनी त्यांना हाताला धरून आणलं.

मी धापा टाकत पोचले, तर बाबा त्यांच्या घरात, तिरक्या पाटीच्या दाराआड, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. शाळेत नेऊन सोडलेल्या मुलासारखे.

“अगं, मी म्हणते, त्या गोळ्यांचंच एकदा कुणाला तरी...”

“काकू, प्रत्येक गोळी डॉक्टरनं दिलीय. त्या त्या विषयातल्या मोठ्या डॉक्टरनं. तुम्ही तुमचं घर सांभाळा.”

त्यांनी बाबांच्या सपातांमधला एक खडा काढून टाकला, एवढंच. मला त्याचाही राग आला.

२८ मार्च, शुक्रवार

दादानं ठरवलेलं ठिकाण पाहून आले. स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ, की आत शिरल्यावर आपणच कुठेतरी डाग आहोत असं वाटतं. भिंती सायीच्या रंगाच्या, पलंगाला कठडे, खिडकीत प्लॅस्टिकची फुलं आणि त्यांना चुकून कुणीतरी पाणी घातलेलं. खोल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. तेही छापील, वाकडे चिकटवलेले. बाबा बघतील तर पहिल्याच दिवशी भांडतील, असं मनात आलं. मग लक्षात आलं की नाही, आता नाही भांडणार.

एक खोली पुढच्या शनिवारी रिकामी होते आहे. एकदा घेतली की हे घर सोडायचं. भाडं आणि तिथला खर्च दोन्ही झेपणार नाही, मी एका खोलीत जाईन. दादानं हे सगळं कागदावर मांडून आणलं होतं. त्याचं गणित नेहमीच बरोबर असतं, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. समजलं का ते कळेना. बराच वेळ माझा हात धरून बसले. मग एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, “न्हाव्याची पाटी झाल्यावर जाऊ गं. अर्धं काम टाकून माणूस जातो का?”

तिथल्या बाईंचा निरोप : येताना सगळी औषधं, ज्याच्या त्याच्या डब्यात, जशी आहेत तशी आणा. ठेवून घेण्याआधी त्यांची डॉक्टर तपासते. आणखी एक डॉक्टर! एवढ्या डॉक्टरांत एक गाव वसलं असतं.

५ एप्रिल, शनिवार

बाबांची बॅग मी भरली. ब्रश त्यांनी भरले. सदरे राहिले तरी चालतील, पण ब्रश ओल्या फडक्यात गुंडाळून घ्यायला विसरले नाहीत.

तिथली डॉक्टर म्हणजे सर्दीनं बेजार झालेली एक तरुण बाई. सतत नाक पुसत होती. बाबांना तपासलं, बसवून आणि उभं करून रक्तदाब घेतला, मग म्हणाली, “औषधं?”

दादानं निळा डबा ठेवला. ताईनं गोल. मी बाटली आणि पिवळा डबा. वहिनीनं पर्समधून पोटाची पाकीटं काढली. हे सगळं एका टेबलावर आम्ही आजच पहिल्यांदा पाहत होतो. घरच्या फळीवर असायचं, पण झाकणं लावून.

डॉक्टरनं सगळं उलटं केलं, पाकीट न् पाकीट वाचलं आणि पत्ते लावावेत तशी रांग लावली. नाक पुसायची थांबली.

“हे सगळं एकाच माणसाला?”

“हो.”

“कुणी दिलं?”

दादानं हात वर केला. ताईनं केला. मी केला. वहिनीनं अर्धा केला.

“एकमेकांना विचारलं नाही?”

“आमच्यात तसं ठरलंय,” दादा म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते वाक्य मला मोठ्यानं ऐकू आलं.

डॉक्टरनं पहिल्या गोळीवर बोट ठेवलं. “ही बीपीची. हिच्यामुळे काहींचे पाय सुजतात. पाय सुजले म्हणून ही पाण्याची. पाण्याच्या गोळीनं लघवी वाढणारच, तिचं कामच ते. लघवी वाढली म्हणून ही तिसरी. ही तोंड कोरडं करते, पोट धरून ठेवते, नजर धूसर करते आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात धुकं आणते. तोंड कोरडं म्हणून ते पाणी पितात, की पुन्हा लघवी. हे पोटाचं औषधही तिच्यामुळेच.” मग बोट माझ्या बाटलीवर आलं. “आणि ही खाजेची. जुन्या जातीची, झोप आणणारी. ही आणि ती तिसरी, दोघी एकच काम करतात. एक असती तर कदाचित निभावलं असतं. दोघी एकत्र आल्या आणि धुकं दाट झालं.”

“ही कधी सुरू केली?” तिनं विचारलं.

“मार्चच्या सुरुवातीला,” मी म्हटलं. खुंटाळा, घड्याळ, सपाता, सगळं मार्चमधलंच.

“आणि शेवटी धुक्यावर उपाय म्हणून ही आठवणीची. ती लघवीच्या गोळीच्या बरोबर उलट ओढते. एकीनं दार लावायचं, दुसरीनं उघडायचं. मधे हे.”

मधे बाबा होते. लिंबाची गोळी चघळत, कुणाबद्दल बोलणं चाललंय याची चौकशी न करता.

“म्हणजे चूक कुणाची?” दादानं विचारलं. तह झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत हद्द लागते.

“मला काय माहीत? प्रत्येक गोळी आपापल्या जागी ठीक आहे.” ती शिंकली. “मी यांना आज ठेवून घेत नाही. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. औषधं एकेक करून कमी करू, बदलू. मनानं एकही बंद करायची नाही, आणि वाढवायची तर मुळीच नाही. तीन आठवड्यांनी परत आणा. खरंच विसरत असतील तर तेव्हा कळेल.”

“पण खोली?” दादा.

“खोलीचं काय, ती रिकामी होतच असते,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीत ताईनं एकदा “डोक्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं ना” असं सुरू केलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

१२ एप्रिल, शनिवार

खाजेची गोळी गेली, तिच्या जागी अंगाला लावायचं मलम आलं. ते लावताना बाबा मेंढरासारखे उभे राहतात आणि मला टोमणे मारतात. लघवीची गोळी आधी निम्मी आणि मग बंद. बीपीची बदलली, पाय सुजतात का ते बघून पाण्याची ठरवायची. आठवणीचीही थांबवली आहे. ताई रोज फोन करते. आता विचारते, “काय काय घेतलं आज?” फक्त तिचंच नाही, सगळं.

बाबा चिडचिडे झालेत. चहा पाणचट आहे, उशी उंच आहे, दादाचा आवाज मोठा आहे. त्रासून गेले मी. आणि त्रासता त्रासता लक्षात आलं, की सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत.

२० एप्रिल, रविवार

सकाळी हॉलमध्ये आरडाओरडा. जाऊन बघते तर बाबा न्हाव्याच्या पाटीपुढे.

“हे कुठल्या गाढवानं रंगवलंय?”

मी स्वयंपाकघराकडे वळले.

“अगं, विचारतोय मी! ओळ बघ, घसरगुंडी आहे का?”

“बाबा, तुम्हीच.”

ते पाटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. किती आठवतंय त्यांना, किती नाही, मी विचारलं नाही. फडकं घेतलं, त्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि आपलंच अक्षर पुसायला बसले. वाळलेला रंग निघेना, तेव्हा खरवडून काढला.

दुपारी सगळे आले. दादानं नव्या व्यवस्थेचा विषय काढला : आता सगळी औषधं एकाच्याच ताब्यात असावीत. आपल्याच, कारण छाती मुख्य. ताई म्हणाली, सुरुवात तुझ्याच गोळीपासून झाली. मी म्हटलं, घरात मी राहते. आवाज चढले. बाबा खरवडायचे थांबले.

“मी अजून जिवंत आहे,” ते म्हणाले. “वाटण्या नंतर करा.”

मग हात पुढे केला. दादानं निळा डबा त्यांच्याकडे दिला. त्यांनी सगळे डबे मांडीवर घेतले, चष्मा नीट केला, आणि प्रत्येक पाकिटावरचं वाचून आम्हाला परीक्षा घेतल्यासारखं विचारायला लागले, “ही कशासाठी? आणि ही?” दादाला एकीचं सांगता आलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

काल त्या डॉक्टरकडे जाऊन आलो. बाबांनी घड्याळ काढलं. आकडे आपापल्या जागी. लक्षात ठेवायला सांगितलेली दोन नावं विसरले, आणि डॉक्टर म्हणाली, तेवढं मीही विसरते. थोडं वयाचं आहे, बघत राहू. खोलीत दुसरं कुणी आलंय. बाबांनी जाता जाता तिथल्या नंबरांबद्दल त्या बाईंना दहा मिनिटं सुनावलं.

न्हाव्याची पाटी आज सकाळी चढली. मी खालून बघितलं. ओळ सरळ आहे.

घरी येऊन खणातून पक्कड काढली आणि खाली गेले. पहारेकरणीचं दार बंद होतं. घंटी वाजवण्याआधी मी त्या पाटीला हात लावला, वर उचलून सरळ धरली आणि सैल नट पक्कडीनं आवळला. आवाज नको म्हणून हळू. तरी दार किलकिलं झालंच.

काकूंनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पक्कड पुढे केली.

“निघालं का मग झाकण?” त्यांनी विचारलं.

“निघालं, काकू.”

“चहा घेतेस?”

“घेते,” म्हटलं, आणि चप्पल दाराबाहेर काढून आत गेले.